गुळाची भिंत

माई गेल्याची बातमी कोल्हापूरहून आलेल्या बसमधून उतरली. ओळखीच्या एक बाई गगनबावड्याच्या आमच्या शाळेत आल्या आणि वर्गाच्या दारातूनच म्हणाल्या, "माई गेल्या." मी हातात खडू धरून तशीच उभी राहिले. मनात आलं ते मात्र भलतंच... म्हणजे भिंत वाळली वाटतं. परक्याला हे विचित्र वाटेल. माईंना जाऊन आता महिना होत आला, म्हणून त्या भिंतीची हकिगत सांगायला बसले आहे.

कोल्हापुरात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत माईंची मुलींची शाळा होती. माई मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखालची एकुलती एक शिक्षिका. माई अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की घाटावरच्या म्हशी मान वळवून बघायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, साडी छान आहे, पण इथं मांडीवर पोरं घ्यावी लागतात. खोटं नव्हतं ते. आया धुण्याला नाहीतर रानात रोजगाराला जायच्या आणि आमच्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच वर्गात यायच्या. शाळा हाकेच्या अंतरावर होती म्हणूनच त्या शिकत होत्या.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत एका पावसाळ्यात पंचगंगा थेट आमच्या वर्गात शिरली. पाणी ओसरलं तेव्हा कमरेइतका गिलावा सुटला होता, फळा फुगून वाकला होता, आणि कुबट वास तर जाता जाईना. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी ती वर गावात भाड्याच्या जागेत हलवायचं ठरवलं. माईंनी भांडून संक्रांतीपर्यंतची सवलत मिळवली. तोवर इमारत नीट झाली नाही तर शाळा हलणार, आणि शाळा हलली की निम्म्या मुली घरी बसणार, हे आम्हां दोघींना लख्ख दिसत होतं.

भिंती वाळायला दिवाळी उजाडली. गिलाव्याच्या चुन्यात थोडं गुळाचं पाणी घालतात, म्हणून माईंनी मुलींना घरून एकेक खडा आणायला सांगितलं. पण कोल्हापूरच ते! गुऱ्हाळं नुकतीच सुरू झाली होती. खडा कसला, आयांनी पदराखालून ओंजळीएवढे गोळे आणले. शेजारणीपेक्षा कमी आणायचं म्हणजे नामुष्कीच. कुणाचा गूळ परत पाठवायचा? गवंडी आप्पाही इथलेच. "गुळानं कधी कुणाचं वाईट झालंय व्हय?" असं म्हणत त्यांनी सगळाच्या सगळा चुन्यात ओतला.

गिलावा झाला, पण वाळेचना. बोट लावलं की रुतायचं. मुंग्यांनी तर भिंतीवर जत्राच भरवली. माई रोज सकाळी भिंतीला बोट लावायच्या आणि पदराला पुसायच्या. शेवटी आप्पांनीच खाली मान घालून सांगितलं, गूळ जास्त झाला, सगळं काढावं लागेल. बायकांनी हौसेनं आणलेला गूळ बाधला, हे त्यांना सांगणं माईंच्या जिवावर आलं. तरी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. मग धुणं धुणारी तानूबाई पदर खोचत उठली.

"त्यात त्वांड पाडायचं काय हाय, बाई? आमी घातलंय, आमीच खरवडून काढतो की."

दुसऱ्या दिवशी रोजगार बुडवून बायका खुरपी घेऊन आल्या. भुईमुगातलं तण भांगलावं तशी त्यांनी भिंत भांगलली. एकमेकींच्या गुळाची थट्टा करता करता दिवस मावळला. नव्या चुन्याच्या वेळी आप्पांनी कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. दाराजवळचा हातभर तुकडा मात्र तानूबाईनं हट्टानं राखला. "एवढा आमच्या गुळाचा ऱ्हाऊ द्या." संक्रांतीला मुली आपल्याच वर्गात बसल्या. शाळेच्या मंडळींनी येऊन भिंतीवरून हात फिरवला आणि जागा बदलायची भाषा पुन्हा केली नाही. त्या दिवशी माई दाराआड जाऊन पोटभर रडल्या.

तो तुकडा काही पुरता वाळला नाही. पावसाळ्यात तर हमखास ओल धरायचा. त्याला बोट लावायचं, पदराला पुसायचं आणि मगच प्रार्थना, हा माईंचा नेमच झाला. पुढं त्यांना पुण्याच्या मोठ्या शाळेचं बोलावणं आलं. त्यांचा भाऊ विश्रांतीला बोलावत होता. लग्नानंतर गगनबावड्याला आल्यावर मीही बोलावलं. सगळ्यांना एकच उत्तर... "भिंत वाळली की निघते."

गेल्या आठवड्यात माईंच्या शाळेत जाऊन आले. वर्गात नव्या बाई पाढे म्हणून घेत होत्या, मागच्या रांगेतल्या मुलीच्या मांडीवर एक पोर झोपलं होतं. मी दारातच थांबले आणि त्या तुकड्याला बोट लावलं. बोट ओलं, पांढरं झालं. मी ते पदराला पुसलं.

भिंत अजून वाळलेली नाही, माई... मग तुम्ही निघालात कशा?