सुभेदारांचे टाळ आणि मामांचा गळा

सत्तरच्या दशकात सांगलीत माझा एक स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणताना मी छाती फुगवायचो, पण ते मुळात हळदीचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना हळदीची रिकामी पोती टांगली होती. मोठमोठे गवई पहिल्या आलापाआधी मनमुराद शिंकायचे आणि बाहेर पडताना हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसायचे.

चार माईक, चार बटणांचा मिक्सर आणि फितीच्या स्पूलवर रेकॉर्ड करणारं एक यंत्र, एवढा माझा संसार. चारही माईकचे आवाज मिक्सरमध्ये एक होऊन थेट फितीवर उतरायचे. मागाहून पेटी कमी कर, गळा वाढव, असं काही जमायचं नाही. भेळ कालवल्यावर कुरमुरे वेगळे निघतात का? म्हणून आमचं निम्मं मिक्सिंग जमिनीवर चालायचं. कुणी कुठं बसायचं हे मी खडूनं आखायचो. गवई माईकपासून वीतभर, पेटीचं तोंड भिंतीकडे, पखवाज लांब. गळा वर आणायचा तर त्याचं बटण पिरगाळायचं नाही, तसं केलं की यंत्राची खरखरही वर येते. बाकीच्यांना मागं सरकवायचं, गळा आपोआप पुढं येतो.

माझे मामा रहिमतपूरजवळच्या गावात भजन गायचे. त्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं जीव वाचेल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही. मामी तडक माझ्याकडे आली.

"त्यांचा गळा धरून ठेव बाबा. उद्या घरात नुसता खोकलाच ऐकायची पाळी नगं."

ऑपरेशनच्या आधी अख्खं भजनी मंडळ रेल्वेनं सांगलीत उतरलं. त्यात पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचे टाळ असे जाड की एक ठोका पडला आणि पोत्यांतून हळद गळाली. गावच्या रिवाजाप्रमाणे पहिला टाळकरी गवयाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो. बाकीचे टाळकरी मी दाराशी बसवले होते, पण सुभेदार तसेच बसले, थेट माईकच्या तोंडात. थोडं रेकॉर्ड करून ऐकवलं, तर फितीवर टाळच टाळ! मामा कुठंतरी विहिरीत पडून हाका मारत असावेत.

"सुभेदार, तुम्ही जरा दाराशी बसता का?" मी विचारलं.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "पाव्हणं, सरहद्दीवर मागं सरलो न्हाई. हितं पायताणापाशी बसू व्हय?"

"आवं, बसा की," मामी म्हणाली. "टाळ काय, पुढच्या एकादशीलाबी वाजतील."

ते ऐकून सुभेदार निमूट उठले आणि दाराशी जाऊन बसले.

मी ऐटीत यंत्र सुरू केलं. आवाजांचा तोल असा साधला होता की स्वतःचीच पाठ थोपटावी. पण मामांचं गाणं उभंच राहीना. कधी पखवाजाच्या पुढं पळत, कधी मागं रेंगाळत. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मामांच्या घशावर ताण यायला लागला. मामीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मिक्सरखाली लपावंसं वाटलं. आता तो घसा आणखी एखादं भजन निभावला तर निभावला.

मामा घोटभर पाणी प्याले. "भाच्या, त्येला हिकडं बोलाव."

"मामा, टाळ तुम्हाला गिळतात."

"गिळू देत. गुडघ्यावर त्येचा हात पडल्याबिगर मला सम घावत न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. टाळांना उसंत मिळाली की सुभेदार मामांच्या गुडघ्यावर थाप देत, आणि मामांचं गाणं त्या थापेवर टेकलेलं असे.

सुभेदार आले, बसले. मग त्यांनी गळ्यातले टाळ काढून मामीच्या ओटीत ठेवले.

"मला कुठं वाजवाया येतंय?" मामी दचकली.

"वाजवायचं न्हाई वैनी, दाबून धरायचं. लय वांड हायती."

बाकीचे टाळकरी दाराशी होतेच. सुभेदारांचे दोन्ही हात रिकामे, त्यातला एक मामांच्या गुडघ्यावर. मामांनी डोळे मिटले आणि त्या एका दमात जे गायले! मी बटणांना बोट लावलं नाही. भजन संपलं तेव्हा सुभेदार सगळ्यांत आधी खोकले आणि मंडळ त्यांच्यावर तुटून पडलं. फीत थांबवलेली होती, म्हणून वाचले.

ऑपरेशन झालं. मामा वाचले, बोलायलाही लागले, पण सूर काही परतला नाही. पुढं एका एकादशीला मी यंत्र घेऊन गावच्या देवळात गेलो. फीत लावली. मामांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत पोचला, स्वच्छ, गोल. मामी खांबाला टेकून ऐकत होती. मी मनातल्या मनात त्या गुडघ्याला, त्या हाताला, डॉक्टरांनासुद्धा हात जोडत होतो.

दुसऱ्या कडव्याला सुभेदारांना राहवेना. मामांच्या शेजारी बसून त्यांनी टाळ उचलले आणि असे हाणले की मामा पुन्हा विहिरीत!

मी डोळ्यांनी दटावलं. मामांनी मलाच हात हलवून गप्प केलं. ते डोलत होते, ओठ हलवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी यंत्राकडे बोट करून खूण केली, वाढव.

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. खरखरीसकट.