पूजेला बसलेला ऑसिलोस्कोप

“भाऊजी, हे गेले...” वहिनींचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. चहा गेला सिंकमध्ये, आणि डोळ्यांसमोर वसंता नाही, त्याचा ऑसिलोस्कोप उभा राहिला. कपाळावर कुंकू लावलेला. त्यालाही हेच आवडलं असतं म्हणा.

बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. प्रवरेकाठचं आमचं नवं कॉलेज. मी मराठी शिकवायचो, काष्टी गावचा वसंता फिजिक्स. विजेचा दाब कसा वर-खाली होतो ते हिरव्या रेघेत दाखवणारं हे यंत्र त्याने प्राचार्यांचं डोकं खाऊन मिळवलेलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तो मला रोज ओढून न्यायचा. बी.एस्सी.ची मान्यता त्या प्रयोगशाळेवर अडली होती. ती हुकली, तर गावोगावची पोरं पुन्हा पुण्याची वाट धरणार... वसंताची झोप उडाली होती.

मान्यता देणारी समिती दसऱ्यानंतर येणार होती. आली नेमकी खंडेनवमीला! सकाळीच शिपाई रखमाजीने सगळ्या यंत्रांची पूजा मांडलेली, ऑसिलोस्कोपला झेंडूची माळ. वसंताने बटणाकडे हात नेला तसा रखमाजी आडवा आला.

“सर, पूजंला बसलंय त्ये. उद्या सोनं लुटल्याबिगर हात न्हाई लावायचा.”

समितीचे अध्यक्ष घड्याळ बघू लागले. प्राचार्य घामाघूम. मला वाटलं, वसंता आता भडकणार. पण हा पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, “रखमाजीभाऊ, पाव्हणं लांबून आल्यात. तुमीच इनवा त्याला, उठतोय का बघू.”

रखमाजीने अक्षता वाहिल्या, उत्तरपूजेला मूर्ती हलवतात तसं यंत्र जरासं हलवलं आणि स्वतःच बटण दाबलं. यंत्र तापून रेघ उमटली तसा वसंताने जोडलेला माईक त्याच्याच हातात दिला. “येळकोट येळकोट जय मल्हार!” रखमाजी गरजला आणि हिरवी रेघ अशी उसळली की बस्स! मग अध्यक्षांनी माईक मागून घेतला. स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा घेत ते रेघ बघत राहिले. मान्यता मिळाली हे सांगायला नकोच.

पुढे ते यंत्र मोडीत निघालं तेव्हा वसंताने ते घरी आणलं, दुरुस्त केलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी माईकवर नाव सांगायला लावायचा, चहा नंतर.

वसंताला जाऊन दोन महिने झाले. परवा वहिनींना भेटायला गेलो. यंत्र त्याच्या टेबलावरच होतं. त्याचं नाव एकदा त्यात घ्यावं म्हणून मी बटणाकडे हात नेला. झेंडूची माळ मला दिसलीच नव्हती.

“भाऊजी, आज नको,” वहिनी हळूच म्हणाल्या. “खंडेनवमी आहे. पूजेला बसलंय ते. उद्या या.”

मी हात मागे घेतला. उद्या येतो म्हणालो.