डेलच्या पुढून गेलेलं तबक

ह्यूस्टनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि हवेनं अंगावर ओला टॉवेल टाकला. साल २००६, महिना जून. सातारा जिल्ह्यात वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी पत्रकं लिहिण्यात चार वर्षं घालवलेली मी, एका परिषदेच्या निमित्तानं अमेरिकेत आले होते. परिषद उरकली आणि उरलेले तीन आठवडे मावसभावाकडे, शुगर लँडला मुक्काम. निलेशदादा तेलकंपनीत इंजिनिअर. त्यानं गाडीतच बजावलं, "इथे पत्रकं वाटत फिरायचं नाही हं. माझी ग्रीन कार्डची फाइल पडलीये यार."

मी काहीही कबूल केलं नाही. खिडकीबाहेर इतकं आभाळ होतं की दादाचं बोलणं अर्धंच ऐकू येत होतं.

दादाच्या शेजारी डेल आणि कॅरन, पन्नाशीचं जोडपं. डेल एअर कंडिशनर दुरुस्त करतो, म्हणजे टेक्सासच्या उन्हाळ्यात देवापेक्षा जास्त लोक त्याचा धावा करतात. ओळख करून घ्यायला मी आलं घालून चहा केला आणि थर्मास घेऊन गेले. कॅरननं कप हातात घेतला, वास घेतला, हसली आणि खाली ठेवला. ते मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) निघाले. चहा, कॉफी, दारू, सगळं वर्ज्य. चहानं कुणाचं काय वाईट केलंय यावर मी अर्धा तास वाद घातला. तिनं तेवढ्या वेळात मला दोनदा कॅसरोल (चीज घालून भट्टीत भाजलेले बटाटे) वाढलं आणि रविवारी प्रार्थनेला बोलावलं. दादानं कपाळाला हात लावला. मी वही घेतली.

आणि खरं सांगते, पहिल्या रविवारी मी हरखून गेले. देऊळ म्हणावं तर शाळेसारखी इमारत, मागच्या हॉलमध्ये बास्केटबॉलची जाळी. मूर्ती नाही, क्रूससुद्धा नाही. दक्षिणा घेणारा पुजारी नाही. बिशप (मंडळींचा प्रमुख) एरवी दातांचा डॉक्टर. एका टेबलावर पांढरं कापड, खाली काहीतरी झाकलेलं, मृतावर घालतात तसं. कॅरन म्हणाली, ते ख्रिस्ताच्या देहाची आठवण म्हणूनच. गाणं सुरू झालं तसं दोन तरुणांनी कापड दुमडलं आणि दुकानातला साधा स्लाइस पाव हातानं तोडायला घेतला. हा सॅक्रमेंट (पाव-पाण्याचा विधी). पाव म्हणजे देह, पाणी म्हणजे रक्त. वाइन नाही, नळाचं पाणी, अंगठ्याएवढ्या कपांत. प्रार्थनेतला एक शब्द चुकला तर बिशप खूण करतो आणि ती पुन्हा म्हणायची. त्या मुलाला पुन्हा म्हणावी लागली, त्याचे कान लाल झाले, आणि कुणी हसलं नाही.

मग बारा-तेरा वर्षांचे मुलगे तबकं घेऊन निघाले. रांगेच्या एका टोकाला तबक द्यायचं, मग शेजारच्यानं शेजाऱ्याला. मी वहीत लिहिलं, 'प्रत्येक जण वाढपी.' खाली लिहिलं, 'तबक घेऊन चालायचा मान मात्र बायकांना नाही. का?' आणखी एक ओळ खरडली. काळ्या पुरुषांना यांनी पौरोहित्य किती वर्षं नाकारलं होतं, ते मी वाचून गेले होते.

तेवढ्यात पाहिलं, डेलनं तबक घेतलं, पावाला हात न लावता पुढे दिलं. पाण्याचंही तेच.

पार्किंगमध्ये मी त्यालाच विचारलं. दारूपायी घर मोडायला आलं होतं, त्यानं स्वतःच बिशपला सांगितलं, तेव्हापासून वर्षभर त्याला पाव वर्ज्य. बिशपच्या परवानगीची वाट पाहतोय म्हणाला. त्याला दुसरं काही नको होतं, तो भाकरीच्या घासाएवढा तुकडा हवा होता.

"म्हणजे वाळीत टाकलंय तुम्हाला," मी म्हणाले. "भर सभेत, दर रविवारी."

"तबक येतं की माझ्यापर्यंत," तो म्हणाला.

आठवडाभर मी धुमसत होते. दादाला रोज ऐकवत होते. तो म्हणाला, "अगं, त्याला चालतंय ना? तू कशाला टेन्शन घेतेस?" चालतंय, हे तर वाळीत टाकलेला प्रत्येक जण मला सांगतो.

दुसऱ्या रविवारी डेल कडेला, मी मध्ये, पलीकडे कॅरन. डेलनं नवा टाय लावला होता. कॅरनचे डोळे सारखे भरून येत होते. मला वाटलं, बिचारीला पुन्हा तेच बघायचं. तबक कॅरनकडून माझ्याकडे आलं. पाहुण्यांवर सक्ती नसते, मी पाव घेतला नाही. आणि या माणसाचा आज अपमान होऊ द्यायचा नाही, असं ठरवून मी तबक डेलच्या पुढून सरळ वाटेत उभ्या असलेल्या मुलाच्या हातात दिलं. मुलगा मागच्या रांगेकडे वळला.

डेलचा उजवा हात अर्धा वर आला होता. तो तसाच राहिला.

"काल परवानगी मिळाली त्याला," कॅरन कुजबुजली.

मी उठले, डेलचे गुडघे ओलांडले, मुलाच्या हातून तबक घेतलं. व्यासपीठावर बिशप अर्धवट उठला, मग बसला. बायकांनी जिथं तबक घेऊन चालायचं नाही तिथं मी दोन पावलं चालले आणि डेलपुढे धरलं.

"चुकलं माझं. घ्या."

त्यानं सगळ्यात लहान तुकडा उचलला. खाल्ला. मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "आता त्या मुलाचं तबक त्याला दे. घाबरलाय तो."

बाहेर उन्हात तो हसत होता, मला मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं. "वर्षभर इथल्या प्रत्येकानं ते तबक माझ्या हातात दिलं," तो म्हणाला. "मला चुकवून पुढे नेलंस ती तू पहिली."

परतीच्या विमानात मी वही भरली. एका माणसाच्या परवानगीवर दुसऱ्याचा घास अडावा, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ते छापलंसुद्धा. पण तो अर्धा वर आलेला हात मला कुठल्याच परिच्छेदात बसवता आला नाही.

डिसेंबरात पाटण तालुक्यात एका घरी गेले. भावकीनं दोन वर्षं बोलणं तोडलेलं. माझ्या पिशवीत निवेदन तयार होतं, पोलीस, तहसीलदार, पाच मागण्या. ते बाहेर काढायच्या आधी मी त्या घरच्या काकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलेलं नसावं.

"तहसीलदाराकडं जाऊ की," ते म्हणाले. "पण पुतणीचं लग्न हाय येत्या सोमवारी. तिला हळद लावायची हाय."

मी निवेदन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतलं.