काकाच्या क्लॅरोनेटचा सूर

माझ्या काकाला बँडमधून उठवायचं काम मीच अंगावर घेतलं, आणि ते मी इतक्या वाईट रीतीने केलं की आज म्हातारपणीही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमचा बँड म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठच्या आम्हा किरिस्तावांचा. चौदा माणसं. कुणी भात पिकवणारे, कुणी मिठागरावरचे, दोघे होडीवाले. नाताळपासून उपासाचे चाळीस दिवस लागेपर्यंत आमचा हंगाम. लग्नं वाजवायची, एक दिवस कल्याणला जाऊन रेल्वेच्या गोऱ्या ड्रायव्हरांपुढे वाजवायचं, आणि शेवटी गावच्या सणाला देवळापुढच्या, म्हणजे चर्चपुढच्या, मांडवात मोठी बैठक. उपास लागले की वाद्यं फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकायची. दर हंगामाला बाहेरचा एखादा मास्तर पाहुणा म्हणून यायचा आणि काठी हलवून आम्हाला वाजवायला लावायचा. वसईचा एक मास्तर तर लग्नातला रस्सा ओरपून असा सुस्तावायचा की संथ गत आली की काठी हातात तशीच, आणि मास्तर डुलकीत. आम्ही आपले वाजवत राहायचो.

कारण आमचं खरं चालायचं काकावर. बाप गेल्यावर मला त्यानेच वाढवलं, फिडल, म्हणजे व्हायोलिन, हातात दिली तीही त्यानेच. त्याचं क्लॅरोनेट त्याच्या आजाच्या वेळचं, जुन्या घडणीचं, लाकडी, काळं पडलेलं. वाजवायच्या आधी काकाने एक सूर लांब धरायचा आणि बाकीच्यांनी आपापलं वाद्य त्यावर मिळवायचं. त्याचा सूर मिळाल्याशिवाय कुणी गज उचलत नसे. तीस वर्षं असंच चाललेलं.

त्या वर्षी मुंबईहून नवे मास्तर आले. पलटणीच्या बँडमधून सुटलेले, मिशा ताठ, बोलणं त्याहून ताठ. सोबत पितळी तुतारी फुंकणारा एक कॉर्नेटवालाही आणलेला, सणाला एकट्याने वाजवायला. पहिल्याच तालमीला मास्तरांनी खिशातून सूर तपासायचा दोन दात्यांचा लोखंडी काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. मग म्हणाले, "अरे, तुमचा सगळा बँड उतरलेला आहे! हे कुणाच्या सुरावर लावता?"

सगळ्यांनी काकाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तो त्या दिवशी ताप म्हणून आला नव्हता; फिडली आदल्या दिवशी त्याच्याच सुरावर मिळवलेल्या होत्या. मास्तरांनी उलगडून सांगितलं: ती जुनी क्लॅरोनेटं हल्लीच्या वाद्यांपेक्षा खाली बोलतात, त्यांना वर चढवता येत नाही. म्हणजे तीस वर्षं आम्ही चौदा जण एका म्हाताऱ्या लाकडाच्या मागे खाली उतरून वाजवत होतो आणि आम्हाला पत्ताच नाही! कॉर्नेटवाला तोंडावर रुमाल धरून हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण राग काढला कुणावर? काकावर.

तसाच तरातरा घरी गेलो. काका ओटीवर घोंगडी पांघरून सणासाठी क्लॅरोनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची नवी पात घासत बसलेला. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "काका, तुझं वाद्यच खोटं आहे. तुझ्यापायी आम्ही सगळे बेसूर. यंदा तू मांडवात बसू नको, लोकांत बस."

जीभ कशी झडली नाही माझी!

काकाने हातातली पात खाली ठेवली. "बरं," म्हणाला. मग विचारलं, "मास्तर रागावलं काय रे तुला?" त्याला माझीच काळजी. मी पाठ फिरवून निघून गेलो.

सणाच्या दिवशी मांडव भरलेला. काका काळा कोट घालून लोकांत बसलेला, हात मांडीवर नुसते पडलेले. आम्ही फिडली काट्याच्या सुराला चढवलेल्या. आमच्या तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, त्यात खाडीवरचं ओलं वारं. पहिली गत निम्मी झाली नाही तोच माझी तार तुटली. दुसरी लावली, तीही गेली. शेजाऱ्याच्या दोन गेल्या. जवळच्या सगळ्या तारा संपल्या. उरलेल्या फिडली पार विस्कटल्या. लोक कुजबुजू लागले, मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा कॉर्नेटवाला हळूच म्हणाला, "तुम्ही उतरवा. मी नळी बाहेर ओढतो, माझा सूर खाली येईल."

अरे देवा! येत होता खाली! हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मास्तरांनाही ठाऊक असणार. पण गावच्या लोकांसाठी आपण कशाला उतरायचं! मला त्याच्या नरड्याला हात घालावासा वाटला.

उतरवायचं ठरलं, पण कुठवर? ते काटा सांगणार नव्हता. सगळ्या बँडने लोकांत बसलेल्या काकाकडे पाहिलं. मी मांडवातूनच ओरडलो, "काका, सूर दे!"

काका गडबडून उभा राहिला. "आणलं नाय रे. तू नको बोललास ना!"

सगळ्या गावासमोर हे ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्याने डोळे मिटले आणि नुसत्या गळ्याने तो सूर धरला. लांब, स्थिर. तोच. आम्ही त्यावर फिडली लावल्या, कॉर्नेटवाल्याने नळी ओढली, आणि असं वाजवलं की विचारू नका. मास्तरांनी शेवटी काठी खाली ठेवून काकाला मान लववली.

बैठक संपल्यावर मी काकाला शोधत गेलो. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा, डोळे भरलेले, चेहरा नुसता फुललेला.

"काका, चुकलो रे," मी म्हणालो. "आधी बँडमध्ये बसायचास तिथंच बस. तुझ्याबिगर आमचं चालत नाही."

"कोण बोलला?" काका हसला. "तीस वर्सं मधी बसून वाजवला, भायेरून आज पयल्यांदा ऐकला. काय झकास वाजवता रे तुमी! मना वाटायचं, मी नसलो तर बँड मोडंल. नाय मोडत."

"आणि सूर कुणी दिला?"

"तो आता तुमच्या कानात हाय की."

टोमणा मारला असता तर मी ऐकून घेतला असता. पण तो खरंच खूश होता. भर सणात, सगळ्या गावादेखत, मी त्याच्या गळ्यात पडून रडलो.