चार देवांची अंगठी

"ह्यांना देवसुद्धा भिंगातून बघावा लागतो," वरच्या मजल्यावरच्या काकू स्वयंपाकघरात आईला सांगत होत्या, आणि बाहेर सोफ्यावर काका मला भिंगातून देवच दाखवत होते. जगातले सगळे देव एकमेकांच्या नात्यातले आहेत, यावर इतका ठाम विश्वास असलेला माणूस अख्ख्या अबू धाबीत दुसरा नसेल. आठवडाभर मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये दमलेले काका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे येत, आणि मग आम्ही दमत असू.

कारण एक अंगठी. सिरियन सहकाऱ्यानं नोकरी सोडताना दिलेली. तिच्यात नखाएवढा लाल अकीक, रोमन काळातला, आणि त्यावर कोरलेला एकच चेहरा. "दाढी ग्रीकांच्या झ्यूसची, डोक्यावरचं धान्याचं माप इजिप्तच्या सेरापिसचं, किरणं सूर्याची, शिंगं इजिप्तच्याच आमोनची. चौघं एका घरात, आणि भांडण नाही!" लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, कुणीही सापडला की भिंग बाहेर. माझा भाऊ त्यांना पाहताच "अंकल, आय हॅव होमवर्क" म्हणून सुट्टीतसुद्धा पळे. मला पळता येत नसे. गप्प बसणाऱ्याला लोक श्रोता समजतात. असलं कोरीव काम उलटं असतं, ठशातच सुलटं दिसतं, म्हणून एकदा काकांनी आईच्या लाटलेल्या पुऱ्यांवर अंगठी दाबली. तेलात पडताच चारही देव टम्म फुगून ओळखेनासे झाले. काका एकेक पुरी उलटून बघत राहिले आणि जेवण निवून गेलं.

मग काका निवृत्त झाले. व्हिसा खलास, सामान कार्गोला. निरोपाच्या जेवणाला त्यांनी काकूंना हळूच विचारलं, हा अंगठीतला देव साताऱ्याच्या घरी देवघरात ठेवूया का? ड्रॉवरमध्ये राहिला तर आपल्यामागे मुलं फेकून देतील.

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "देवघरात ठेवला की नैवेद्य आला. चौघांना चार वाट्या का एक? एखाद्याचा राहिला म्हणजे? त्यापेक्षा उद्या कॉर्निशला जाऊन समुद्रात सोडा."

त्या चेष्टा करत नव्हत्या. चुकायची त्यांना खरीच भीती वाटत होती. काकांनी अंगठी काढून ताटाशेजारी ठेवली आणि बोटावरचा पांढरा वळ चोळत बसले. आई-बाबा खाली बघून भात कालवत होते. मोठ्यांच्या बोलण्यात मी कधी पडत नसे.

"काकू, दत्ताला तीन तोंडं असतात," मी म्हणाले, "तरी वाटी एकच ठेवतो ना आपण?"