सोड्यात उकळलेला कापूस

टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कापूस पार आढ्याला टेकला होता. खरेदी बंद, जिनिंग बंद, राळेगावकडे जाणारा रस्ता ओस. पुढची खोली भरली, मधली भरली, माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढेही ढीग आला. घरात साठवलेल्या कापसाची खाज कशी असते ते ज्याच्या घरी कापूस पडून राहिला त्यालाच ठाऊक. आम्ही सगळे अंग खाजवत फिरत होतो.

आणि त्याच घरात सासूबाईंच्या जखमेला लावायला कापूस नव्हता.

सासूबाईंना त्याआधीच्या हिवाळ्यात लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. पडून पडून कमरेच्या वर जखम झाली. त्यांचं सगळं माझी नणंद करायची. ती माझ्याच वयाची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा काविळीनं वारला, लेकरू नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली होती. मी शाळेत विज्ञान शिकवणारी, सकाळी डबा घेऊन निघणारी. ती घरात राबणारी. ती मला ‘वहिनी, तुम्ही’ म्हणायची, मी तिला ‘बाई, तुम्ही’ म्हणायची. भांडण कधी झालं नाही, पण गप्पाही कधी झाल्या नाहीत. मला वाटायचं, हिला मी मिजासखोर वाटत असणार. तिला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नव्हतं.

औषधाच्या दुकानातून आणलेला कापसाचा गुंडाळा संपला त्या दिवशी माझे मालक मोटारसायकलवर राळेगावला गेले आणि पोलिसांनी अडवल्यामुळे नाक्यावरूनच परत आले. नणंद उठली. ढिगातून तिनं मूठभर कापूस उपसला, बसून सरकी काढली, बोटांनी पिंजला आणि कोमट पाण्यात बुडवला. कापूस बुडेचना. तिनं दाबला, तो पुन्हा वर आला. बाहेर काढून झटकला तर वरवरचं पाणी ओघळून गेलं.

“वहिनी,” ती म्हणाली, “हा कापूस पाणी काहून पीत नाई?”

“त्याच्यावर मेण असते, बाई.”

“आपल्या कापसाले? मेण?”

“अगदी पातळ. धाग्याधाग्यावर. बोंड फुटल्यावर त्याच्यावर पाऊस पडला तं थेंब कसे घरंगळतात, पाह्यलं नाही का? दवाखान्यातला कापूस धुण्याच्या सोड्यात उकळून घेतात. मेण निघून जाते, मंग तो पाणी पितो.”

“मंग आपण उकळू ना.”

इतकी वर्षं मी फळ्यावर लिहीत आले होते : सोडिअम कार्बोनेटचे उपयोग, काच, साबण, कागद, कापड. मुलं ते पाठ करून परीक्षेत लिहीत होती. त्या यादीतल्या कापडापर्यंत आपण स्वतः कधी हात नेला नाही, हे मला तेव्हा कळलं.

गावातल्या किराणा दुकानात धुण्याचा सोडा संपलेला. खायचा सोडा मात्र होता, पुड्यांच्या माळाच्या माळा लटकत होत्या. नणंद म्हणाली, “हा तं भज्यातला.” मी म्हटलं, घ्या, ह्याचाच तो करता येतो. ह्यावर तिचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही पुरता नव्हता.

चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारून आम्ही लोखंडी तवा तापवला आणि पुड्या फोडून त्यावर ओतल्या. आधी काहीच झालं नाही. मग पूड हलायला लागली. पातळ पिठासारखी थुलथुलायला लागली, मध्येच लहान लहान खड्डे पडून मिटायचे. नणंद मागे सरकली.

“हे तं जित्तं आहे व!”

“त्याच्यातून हवा निघून राह्यली. सोड्याच्या बाटलीत बुडबुडे येतात ना, तीच हवा. थोडी वाफही.”

“अन् सगळी हवा निघाली की?”

“मंग उरते तो धुण्याचा सोडा.”

पूड शांत झाली तेव्हा मी दोन ताटल्यांत हळदीचं पाणी घेतलं. एकीत न भाजलेला खायचा सोडा टाकला, रंग थोडा मळकट झाला. दुसरीत तव्यावरचा टाकला आणि पाणी कुंकवासारखं लाल झालं. नणंद ताटलीवर वाकली होती. “अगं बाई,” ती हळूच म्हणाली, “तू हे पोरांले दाखवतेस का?”

ती मला ‘तू’ म्हणाली होती. तिच्या लक्षात आलं नाही, आणि मी ते आणून दिलं नाही.

पहिला घाणा फसला. आम्ही जर्मनच्या गंजात, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या पातेल्यात, पाणी ठेवलं. सोड्यानं गंज आतून काळा पडला आणि कापूसही राखाडी झाला. सोडा जर्मन खातो, हे मी वर्गात सांगत आले होते आणि घरात विसरले. मालकांनी गंज पाहून विचारलं, “तुम्ही दोघी काय करून राह्यल्या?” नणंद म्हणाली, “डॉक्टरकी.” ते हसले नाहीत. त्यांना आईची काळजी होती आणि कापसाचीही.

दुसऱ्या वेळी लग्नकार्यातलं स्टीलचं मोठं पातेलं काढलं. कापूस काठीनं दाबत दुपारभर उकळला. पाणी हळूहळू पिवळं, मग चहासारखं तपकिरी झालं आणि त्याला ओल्या गवतासारखा एक वास सुटला. आपल्या पांढऱ्याशुभ्र कापसात एवढा रंग दडला असेल असं वाटलंच नव्हतं. मग धुणं. एक पाणी, दुसरं पाणी, आणखी एक. प्रत्येक वेळी पिळलेलं पाणी हळदीवर टाकून पाहायचो. लाल झालं की पुन्हा धू. सोडा राहिला तर जखम चरचरेल, आणि आमचे हात तर तोवर रखरखीत झालेच होते. शेवटच्या पाण्यात लिंबू पिळलं. हळद पिवळीच राहिली तेव्हा कापूस धुतलेल्या लुगड्यावर पसरला आणि वरून दुसरं पातळ लुगडं टाकून उन्हात ठेवला.

वाळल्यावर त्याचे गठ्ठे झाले होते, ते तिनं बसून पिंजले. मग स्टीलच्या गडव्यात पाणी घेतलं आणि एक बोंडाएवढा पुंजका वरून सोडला. तो पाण्याला लागला, क्षणभर थांबला, काठाकडून गडद होत गेला आणि सरळ तळाला गेला.

“बुडला!” नणंद ओरडली. “बुडला व, बुडला!”

मालक गोठ्यातून धावत आले. “कोन? कोन बुडलं?”

आम्हाला हसू आवरेना. आमच्या घरी विहीर परसातच आहे. आतून सासूबाईंचा आवाज आला, “काय... झालं?” नणंद गडवा घेऊन त्यांच्याकडे गेली आणि त्यांना तळाचा कापूस दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांनी आयुष्यभर कापूस वेचला होता.

दवाखान्यातल्या सिस्टर फोनवरून सांगायच्या तसं आम्ही करायचो. मीठ घालून उकळलेल्या पाण्यानं जखम पुसायची, त्यावर उकळलेल्या मऊ कापडाची पट्टी, आणि तिच्यावर कुकरमध्ये वाफवून वाळवलेला आमचा कापूस. पाणी तो प्यायचा, जखमेचं पाणीही प्यायचा. दर दोन तासांनी आम्ही सासूबाईंना कुशीवर वळवायचो, एकीनं खांदा धरायचा, दुसरीनं कंबर. जखम हळूहळू भरत आली. ते कापसामुळे झालं की वळवण्यामुळे, मला माहीत नाही. नणंदेच्या हातांमुळे झालं, असं मला वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते जखमेचं नाही. मला त्या दुपारींचं सांगायचं आहे.

शाळा बंद होती. जेवणं झाली की आम्ही दोघी चुलीपुढे बसायचो. पातेलं रटरटायचं, एक काठी फिरवायची, दुसरी सरकी काढायची. आणि ती बोलायची. इतकी वर्षं जे कोणी विचारलं नव्हतं ते सगळं. नवरा घरी आला की आधी तिच्या हातचं पाणी मागायचा, मग पाय धुवायचा, आणि त्यावरून तिची सासू कशी चिडायची. तो गेल्यावर त्याची एक चप्पल कुठे सापडलीच नाही. मीही बोलले. लग्नाआधी मला नागपूरला पुढे शिकायचं होतं, हे मी माझ्या मालकांनाही कधी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. ती काठी थांबवून म्हणाली, “मंग तू माह्या भावावर रागावली असशीन.” मी म्हटलं, “सुरुवातीले.” ती म्हणाली, “मी असती तं अजून रागावली असती.” आणि पुन्हा काठी फिरवायला लागली.

पावसाळ्याच्या तोंडाशी कापूस विकला गेला. खोल्या मोकळ्या झाल्या, आवाज घुमायला लागले. शाळेची कामं फोनवरून सुरू झाली. तरी पातेलं अधूनमधून चुलीवर चढत राहिलं, गरज असो नसो.

सासूबाई पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गेल्या, झोपेत, पाठीला एकही जखम नसताना.

त्यानंतर उन्हाळ्यात पांढरकवड्याचं स्थळ आलं. हायवेवर टायर पंक्चरचं दुकान, बायको आजारानं गेलेली, एक लहान मुलगी. मालकांचं मन होईना. “लोकं म्हणतीन, आई गेली अन् बहिणीले काढून देलं.” मी म्हटलं, लोकांचं सोडा, तिला विचारा. त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, वहिनीले पुसून सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासूबाईंच्या गोधड्या धूत होतो. मोठ्या टबात कोमट पाणी, त्यात सोडा, आणि आम्ही दोघी लुगडी खोचून गोधड्या तुडवत होतो. ती एकाएकी थांबली.

“तू सांग. जाऊ का?”

मला सांगायचं होतं, नको जाऊ. अगदी ओठांवर आलं होतं. ती गेली तर ह्या घरात मी कोणाशी बोलणार होते?

“माणूस कसा वाटला?” मी विचारलं.

“लाजरा आहे. चहा पेताना बशीतून वर पाह्यलंच नाही. पोरगी माह्याच मांडीवर येऊन बसली.”

“तुले आवडलं?”

ती पुन्हा गोधडी तुडवायला लागली. “पोरगी आवडली,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, “माणूसही.”

“मंग जा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काय सांगत होता कोणास ठाऊक, कारण तिनं वाकून ओल्या हातांनी माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही तशाच, पायाखाली गोधडी घेऊन, उभ्या राहिलो. पंधरवड्यात घरच्या घरी लग्न झालं.

तेव्हापासून मी दरवर्षी वर्गात दोन गडवे मांडते. एकात घरचा कापूस तरंगतो, दुसऱ्यात सोड्यात उकळलेला बुडतो. मुलं टाळ्या वाजवतात. कापूस मी घरी एकटीच उकळते. गॅसवर, लहान पातेल्यात. सोडा आता दुकानात तयार मिळतो. पातेल्याजवळ उभी असले की मी बोलायला तोंड उघडते आणि मग लक्षात येतं. फोन करते, पण तिकडे टायरची हवा सुटत असते, कोणी ड्रायव्हर हाका मारत असतो, ती म्हणते, “थांब, मंग करतो.” ती करतेही. पण फोनवर ती दुपार येत नाही.

गेल्या थंडीत मी पांढरकवड्याला गेले. दुकानामागेच घर. ती अंगणात ड्रमपाशी बसली होती, समोर नवऱ्याचे ग्रीसनं काळे झालेले कपडे. तिथलं पाणी जड आहे, साबणाला फेसच येत नाही. तिनं आधी पाण्यात सोडा टाकला, ढवळलं, आणि तळाला पांढरा गाळ बसू दिला. मग वरचं पाणी काढून साबण लावला आणि फेस आला. मुलगी शेजारी बसून पाहत होती. “माय, सोडा काहून टाकते व?” तिनं विचारलं. नणंद म्हणाली, “पाण्यातला चुना खाली बसते, मंग साबण त्याच्यातच वाया जात नाही.” मी दारातच उभी होते. हे तिला मी शिकवलं नव्हतं. तिचं तिनं कोणाकडून तरी घेतलं होतं, किंवा करून पाहिलं होतं.

सासरची माणसं आली-गेली. चहा देताना ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही साखर कमी घेता ना?” चारचौघांत तिला तसंच बोलावं लागणार, हे मला कळत होतं. तरी चहा मी अर्धाच ठेवला.

निघताना मी म्हटलं, “वेचणीले आठ दिवस ये.” तिनं मुलीच्या वेणीकडे पाहिलं. “हिची परीक्षा आहे. अन् ह्यांचं जेवण कोण करीन?” ती सुखात होती. तिचं अंग भरलं होतं, चेहऱ्यावर तेज होतं. हेच तर मला हवं होतं.

दोघी मला स्टँडवर सोडायला आल्या. मुलगी मध्ये, एक हात माझ्या हातात, एक तिच्या. “मामी, तू अजून कई येशीन?” तिनं विचारलं. मी सांगितलं, सुट्या लागल्या की. बस आली. मी खिडकीशी बसले. हायवेची धूळ उडत होती म्हणून नणंदेनं पदर नाकावर धरला होता. फक्त डोळे दिसत होते. ती काहीतरी बोलली, पण बाजूनं एक ट्रक गेला आणि बंद खिडकीची काच उघडेना. मी हातानंच विचारलं, काय? तिनं मान हलवली, काही नाही म्हणून. बस सुटली. करंजी गावाच्या अलीकडे सागाचं रान लागेपर्यंत मी त्या काचेशी झगडत होते.