लुगड्याची खुर्ची

"पाय कुठं आहेत तुमचे, बघा बरं."

समोरचं माणूस बोलता बोलता भरकटलं, की मॅडम हे वाक्य टाकायच्या. आवाज न चढवता, भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारावं तसं. माणूस दचकून खाली बघायचं. खाली शहाबादी फरशी आणि तिच्यावर त्याचे स्वतःचे दोन पाय. चपला दाराबाहेर काढायच्या, हा त्यांचा दंडक होता. सोलापूरच्या उन्हातून आलेल्या तळव्यांना ती फरशी अशी काही गार लागायची, की माणूस आपोआप एक मोठा श्वास सोडायचं.

मी मात्र पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा चांगलीच टरकले होते. आपल्याकडं कुणाचे पाय कशासाठी बघतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. सुलटे आहेत की उलटे, ते बघतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी त्या दिवशी माझी बोटं पुढच्या बाजूलाच आहेत, याची मी खात्री करून घेतली. मॅडमनी ते ओळखलं असावं. पदरानं तोंड पुसल्यासारखं करून त्यांनी हसू लपवलं.

मी त्यांच्याकडं गेले होते ते आईसाठी. वडील टेम्पो चालवायचे. मोडनिंबला आमचं घर हायवेला लागून, पण बोळ अरुंद. टेम्पो आत यायचा नाही. म्हणून वडील रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तिथूनच आईला हाक मारायचे, "चल की!" करमाळ्याच्या देवीला जायचं असो, नाहीतर कुणाच्या बारशाला, आई हातातलं काम टाकून निघायची. वडील छातीत कळ येऊन गेले. वर्षश्राद्ध झालं, आणि मग आईला हाक यायला लागली. दिवेलागणीला, हायवेच्या बाजूनं. "चल की." आई उठायची, पदर नीट करायची आणि चालू लागायची.

पहिल्यांदा टपरीवाल्यानं तिला हाताला धरून घरी आणलं. दुसऱ्यांदा एका ट्रकनं करकचून ब्रेक दाबला म्हणून ती वाचली. तिसऱ्यांदा ब्रेक कोण दाबणार, हा विचार मला फळ्यावर लिहितानाही सोडत नव्हता. करकंबची मावशी बिचारी आपलं घर सोडून आईजवळ राहायला आली. आईला मी सोलापूरला ये म्हणाले, तर ती म्हणाली, "मी तितं आले तर त्यांनी हाक कुटं मारायची?" डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाली, "मी काय येडी हाय व्हय?"

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी समुपदेशन करणाऱ्या या मॅडमचा पत्ता दिला. मी फोन करून विचारलं, "पेशंट यायला तयार नाही. मी एकटी आले तर चालेल?" मॅडम म्हणाल्या, "या की."

ही गोष्ट मी मावशीला सांगितली आणि तिनं तिचा अर्थ लावला. पेशंट नसला तरी चालतं, म्हणजे कापड लागणार. आमच्या भागात देवऋषाकडं असंच जातात. माणूस येईना तर त्याच्या अंगावरचं कापड न्यायचं, त्यावरून तो बघतो. मावशीनं आईचं हिरवं इरकली लुगडं गुपचूप माझ्या पिशवीत कोंबलं. तेसुद्धा ट्रकच्या दिवशी नेसलेलं, काठाला डांबर लागलेलं.

आता बघा माझी फजिती. मॅडमची खोली नव्या पेठेजवळ, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. मी आत गेले, बसले, रडू आलं म्हणून रुमाल काढायला पिशवीत हात घातला आणि हातात आलं लुगडं. मी लाजेनं मेले. कशीबशी म्हणाले, "मावशीनं दिलंय. तुम्ही... म्हणजे कापडावरून काही..."

दुसरी एखादी असती तर हसली असती, नाहीतर मला अंधश्रद्धेवर दोन शब्द सुनावले असते. मॅडमनी दोन्ही हात पुढं करून ते लुगडं घेतलं. तिथं तीन खुर्च्या होत्या. रिकाम्या खुर्चीवर त्यांनी ते ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, आक्का आल्या. आता तुम्ही बोला, बाई."

मला वाटलं होतं, इथं आडवं झोपवतील आणि लहानपणचं विचारतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी आधी सगळं नीट सांगितलं. "इथं बोललेलं इथंच राहतं. फक्त कुणाच्या जिवाला धोका असला, तर मला घरच्यांशी नाहीतर डॉक्टरांशी बोलावं लागेल. तसं करताना तुम्हाला सांगूनच करीन. पहिल्याच दिवशी हलकं वाटेल असं नाही. कधी आणखी जड वाटतं. अंगारा नाही, धागा नाही. गृहपाठ आहे, तुम्ही पोरांना देता तसाच."

"पण हाक खरी आहे का, मॅडम?"

"मला ऐकू येत नाही, त्यांना येते. एवढंच मला माहीत आहे. खरं-खोटं पुढं बघू. आधी आक्का रस्त्यावर जाणार नाहीत, एवढं बघू."

पहिला गृहपाठ होता श्वासाचा. मॅडमचं घराणं विणकरांचं, तेलुगू बोलणारं. श्वास मोजायला त्यांनी मला तेलुगू आकडे शिकवले. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. मी विचारलं, मराठी का नको? म्हणाल्या, "मराठी आकडे तुमची जीभ आपोआप म्हणेल आणि डोकं मोकाट सुटेल. हे आठवायला लागतील. तेवढा वेळ डोकं जागेवर बसेल." चार आकडे आठवता आठवता मला खरंच दुसरं काही सुचायचं नाही. दुसरा गृहपाठ आणखी अवघड होता. आईला हाक आली की तिच्याशी वाद घालायचा नाही. मावशीला मी तो शिकवायला गेले, तर ती म्हणाली, "वाद न घालता बोलायचं कसं असतंय गं?"

मी आठवड्याला जायला लागले. लुगडं मॅडमनी ठेवून घेतलं होतं; दर वेळी कपाटातून काढून खुर्चीवर ठेवायच्या. दुसरं कुणी येणार असलं की परत आत. मला वाटलं होतं, आई येत नाही म्हणून मी आईबद्दल बोलायला जातेय. पण बोलत होते मी माझंच. आणि मॅडमकडं बघून नाही, त्या लुगड्याकडं बघून. कोपऱ्यातला पंखा फिरत आला की पदर हलायचा. मी थांबायचे. मॅडमही थांबायच्या. जणू पलीकडून उत्तर यायचं होतं.

एकदा मी जरा लवकर पोचले. दार किलकिलं होतं. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून लुगडं ठेवत होत्या आणि हलक्या आवाजात म्हणत होत्या, "बसा आक्का. येतीलच बाई." आत गेले तेव्हा बघितलं, ते लुगडं नुसतं ठेवलेलं नव्हतं. निऱ्या पुढं सोडलेल्या होत्या, पदर मांडीवरून घेतल्यासारखा होता, डांबराचा काठ फरशीला टेकला होता. माणूस बसल्यावर जसं दिसतं, तसं.

त्या दिवशी मी लुगड्याला जे सांगितलं, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाले, "आई, तुला तरी हाक येते. मीपण त्यांचीच लेक आहे ना? मी सोलापुरात दिवे लागले की गॅलरीत उभी राहते. मला एकदासुद्धा हाक मारली नाही त्यांनी." असं म्हणून मी हमसून हमसून रडले. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. पायांची आठवण मात्र त्या दिवशी करून दिली नाही.

आणि मग बिंग फुटलं. आई सणाला नेसायला हिरवं लुगडं शोधायला लागली आणि मावशीच्या पोटात राहीना. शनिवारची माझी सकाळची शाळा सुटली, घरी येते तर आई दारात उभी. मोडनिंबहून एकटी, एसटीनं.

"माजं लुगडं कुटं हाय?"

"आई, आधी पाणी तरी पी."

"कुटल्या बाईकडं दिलंस? करणी-बिरणी केली न्हाय न्हवं तिनं? आत्ताच्या आत्ता चल."

डॉक्टरकडं यायला तयार नसलेली माझी आई अशी आपल्या पायानं जिना चढली, लुगडं सोडवून न्यायला. मॅडम उठून उभ्या राहिल्या. कपाट उघडून लुगडं काढलं आणि दोन्ही हातांनी आईपुढं धरलं.

"काय केलं याला?" आईनं विचारलं.

"काही नाही, आक्का. बसायला खुर्ची दिली. आता तुम्ही बसा."

आई लुगडं छातीशी धरून त्याच खुर्चीत बसली. तिनं डांबराचा डाग बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. मॅडमनी विचारलं, "हाक येते तेव्हा ते काय म्हणतात?"

सुरुवातीला आम्ही सगळे तिला एकच सांगत होतो, असं काही नसतंय. नंतर वाद थांबवला. पण हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आईनं माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. "चल की म्हणत्यात."

"कुठं?"

पंखा इकडून तिकडं गेला. "ते न्हाय सांगत."

"मग तुम्ही न विचारता निघता?"

"आजवर कवा इचारलंय, बाई?" आई म्हणाली.

मला एकदम आईचं सगळं आयुष्य दिसलं. चुलीवरची भाकरी तशीच टाकून निघालेली आई. कुठं जायचंय ते टेम्पोत बसल्यावर कळायचं, तेही वडिलांच्या मनात आलं तर.

"आता विचारा," मॅडम म्हणाल्या. "हाक आली की उठायचं नाही. आधी बूड टेकायचं, पाय जमिनीवर ठेवायचे आणि बसूनच विचारायचं, कुठं? त्यांनी सांगेपर्यंत हलायचं नाही. जमेल?"

"आन् त्यांनी सांगितलं तर?"

"तर पायरी उतरायच्या आधी मला फोन करायचा. मग दोघी मिळून ठरवू."

आईला हे पटलं. हाक खोटी आहे असं कुणी म्हणालं नाही, म्हणून पटलं असावं. मॅडमनी तिला डॉक्टरांकडंही पाठवलं, आणि तेही युक्तीनंच. "हाक ऐकायची तर कान तरी नीट आहेत का बघू या की." कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात इतके तल्लख कान मी बघितले नाहीत. ते ऐकून आई खुश झाली आणि मी डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारून घेतलं, नक्की ना? मग मॅडमच्या शब्दाखातर ती मनाच्या डॉक्टरांकडंही गेली. त्यांनी तपासून एक बारीकशी गोळी दिली. तीही आईनं घेतली.

पुढच्या रविवारी मी मोडनिंबला होते. ऊन उतरलं, हायवेवरच्या गाड्यांचे दिवे लागले. आई जोत्यावर बसून शेंगा फोडत होती. तिचा हात मध्येच थांबला. मान त्या बाजूला वळली. मला नुसता टायरांचा आवाज ऐकू येत होता. आई उठू लागली, परत टेकली आणि मोठ्यानं म्हणाली, "कुटं?"

दाराशी बांधलेल्या शेळीनं कान टवकारले. मावशीनं माझा दंड घट्ट धरला. आम्ही तिघी अंधाराकडं तोंड करून उत्तराची वाट बघत बसलो. खरं सांगते, विज्ञान शिकवणारी मीही बघत होते. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "बोलत न्हाईत," आणि तिनं पुढची शेंग घेतली.

मग ते रोजचंच झालं. हाक यायची, आई विचारायची, उत्तर यायचं नाही. काही महिन्यांनी मावशी आपल्या घरी गेली. हाका कमी झाल्या का, असं मी विचारलं की आई म्हणायची, "येत्यात की. पर घाई करत न्हाईत आता." मॅडमना हे सांगितलं तर त्या समाधानानं हसल्या. आई महिन्यातून एकदा त्यांच्याकडं यायची, त्याच खुर्चीत बसायची. दोघी काय बोलायच्या ते मला कधी कळलं नाही. मी बाहेर चपलांजवळ उभी असायचे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मॅडमकडं गेले तर दाराला कुलूप. खाली चष्म्याच्या दुकानातल्या चाचांनी मला बघितलं आणि काउंटरमागून बाहेर आले. "मॅडम गुजर गए ना, बाई. परसों. दो दिन का बुखार, बस." मी परत वर गेले आणि कुलपासमोर उभी राहिले. मनातल्या मनात मोजायला लागले, तर तीनच्या पुढचा आकडा आठवेना.

आईला हे कसं सांगायचं? मी सांगितलंच नाही. रोज फोनवर बोलायचे आणि विषय टाळायचे. मला भीती एकच होती. आजवर हायवेवरून एकच हाक येत होती, आणि तिला थोपवून धरणारं एक माणूस होतं. तेच माणूस आता पलीकडं गेलं. पलीकडून दोघं हाका मारायला लागले, आणि त्यातली एक मॅडमची असली, तर आई 'कुठं' म्हणून विचारणारसुद्धा नाही. सरळ उठून जाईल.

शनिवारी शाळा सुटल्यावर तशीच मोडनिंबला गेले. दिवेलागण झाली होती. आई जोत्यावर बसली होती, अंगावर ते हिरवं लुगडं होतं. मी चपला काढत होते तेवढ्यात ती म्हणाली, "तुज्या मॅडम येत्यात गं आजकाल."

मी चपला तशाच ठेवून वळले. "कधीपासून?"

"झालं की चार-पाच दिस. दिवा लावला की येत्यात."

बोळाच्या तोंडाशी एक ट्रक गेला, त्याचा उजेड आमच्या भिंतीवरून सरकला. मी कसंबसं विचारलं, "चल म्हणतात?"

मी वर्गातल्या ढ पोरीकडं बघते, तसं आईनं माझ्याकडं बघितलं.

"त्या कशाला चल म्हणत्याल? बसा आक्का म्हणत्यात. म्हणून बसती."

मी तिच्या शेजारी टेकायला गेले, तर आईनं हात आडवा धरला.

"तिकडनं बस गं. हितं त्या बसल्यात."